विजयदुर्ग अजिंक्य होता तर १७५६ ला दोन दिवसांत कसा पडला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "विजयदुर्गाला पूर्वेचं जिब्राल्टर म्हणतात, इंग्रज-डच सगळे तिथून हात हलवत परत गेले म्हणतात, मग फेब्रुवारी १७५६ मध्ये तोच किल्ला दोन दिवसांत कसा काय पडला? फितुरी झाली का? की अजिंक्य हे नुसतं आपलं कौतुक? आणि ती समुद्राखालची भिंत खरी आहे का, मी लवकरच जातोय तर काय बघू?"

मी गेली बावीस-तेवीस वर्षं कोकणातल्या जलदुर्गांची मोजमापं घेणं, नकाशे काढणं आणि सोबत कागदपत्रं वाचणं हे करत आलोय. विजयदुर्गला किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही, पण हा प्रश्न मला तिथे जवळजवळ दर वेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. आपण "किल्ला पडला" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर डोंगरी किल्ला असतो, म्हणजे तट फुटला, शत्रू आत घुसला, संपलं. बंदरावरच्या किल्ल्याचं काम वेगळं असतं. विजयदुर्ग वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी, दक्षिणेकडच्या खडकाळ टोकावर बसलाय, आणि तो तिथे आहे तो त्याच्या पूर्वेला खाडीत नांगरलेल्या गलबतांसाठी, म्हणजे आरमारासाठी. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर गलबतं समुद्रात काढताच येत नाहीत, ती कुठेतरी सुरक्षित ठेवायला लागतात, डागडुजी करायला लागते, लाकूड, दोर, दारूगोळा साठवायला लागतो, खलाशांना पोसायला लागतं, आणि हे सगळं ज्या जागी होतं त्या जागेचा दरवाजा म्हणजे हा किल्ला. त्यामुळे खरा प्रश्न "तट किती मजबूत होता" हा नाहीच, "त्या दिवशी बंदर राखायला जे जे लागतं त्यातलं काय काय शाबूत होतं" हा आहे.

हे मला स्वतःला कळायला वेळ लागला. पहिल्या तीन फेऱ्या मी टेप घेऊन तटाची जाडी, बुरुजांचे व्यास, तिहेरी तटबंदीतली अंतरं हेच मोजत बसलो होतो. चौथ्या वेळी तिथलाच एक म्हातारा तांडेल बराच वेळ बघत उभा होता, शेवटी म्हणाला, "नुसते भिंती काय मोजतास, पानी मोजा." मग त्याच्याच होडीतून भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा किल्ल्याला वळसा मारला आणि माझा अर्धा नकाशा बदलला. तेव्हापासून कुठल्याही जलदुर्गावर मी आधी पाणी बघतो, मग वारा, मग जमिनीकडची बाजू, आणि तट सगळ्यात शेवटी.

तर पाणी. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो, मोठं जहाज आत घ्यायचं तर भरतीची वाट बघावी लागते आणि तरी धाकधूक असतेच. वाघोटनच्या तोंडाशी तो अडथळा नाही. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही या बंदराचं कौतुक याच कारणाने आहे की कुठल्याही हवेत आत शिरता येतं आणि नैऋत्य मोसमीतसुद्धा मोठी जहाजं आत सुरक्षित राहतात. आंग्र्यांनी, म्हणजे मराठा आरमार सांभाळणाऱ्या घराण्याने, ही जागा धरली ती उगाच नाही. पण जे बंदर आपल्या मोठ्या जहाजांना सोपं ते शत्रूच्याही मोठ्या जहाजांना सोपं, हे त्यातच आलं. आंग्र्यांची गुराबं (दोन-तीन डोलकाठ्यांची लढाऊ जहाजं) आणि गलबतं तळाला उथळ होती, त्यांना एवढं खोल पाणी लागतही नव्हतं.

आता ही गोष्ट इंग्रजांना नक्की कधी कळली ते बघा. १७१७ ला मुंबईच्या इंग्रजांनी हल्ला केला, फसला. १७२० ला परत आले, या वेळी फ्राम नावाची तरंगती तोफांची बॅटरी खास बांधून आणली होती, तिचाही फारसा उपयोग झाला नाही. १७२४ ला डच येऊन गेले, तेही तसेच परतले. या सगळ्या काळात किल्ल्याबद्दल एक दरारा तयार झाला होता आणि लांबून बघणाऱ्याला तो वाढवूनच दिसायचा. मग १७५५ च्या डिसेंबरात कमोडोर विल्यम जेम्सला मुद्दाम पाहणीला पाठवलं. तो जवळ गेला, पाण्याची खोली घेतली, आणि परत येऊन सांगितलं की तट ऐकला होता तेवढा उंच नाही आणि मोठी लढाऊ जहाजं थेट किल्ल्याच्या जवळ नेता येतील. माझ्या मते विजयदुर्गाच्या इतिहासातली ही सगळ्यात दुर्लक्षित घटना आहे, एकही तोफ न उडवता अर्धी लढाई तिथे ठरली, आणि आपल्याकडच्या बहुतेक लेखांत तिला एक ओळसुद्धा नसते.

दोन महिन्यांत ॲडमिरल चार्ल्स वॉटसन निघाला. त्याच्याकडे केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी अशी इंग्लंडच्या राजाच्या नेव्हीची ५० ते ७० तोफांची जहाजं, वर कंपनीची जहाजं, आणि उखळी तोफा बसवलेल्या पाच बॉम्ब बोटी. जमिनीवर उतरायच्या फौजेचा म्होरक्या रॉबर्ट क्लाइव्ह, तोच जो पुढच्या वर्षी प्लासीला दिसतो. एवढं मोठं आरमार कान्होजींच्या काळात कधीच विजयदुर्गावर आलेलं नव्हतं. म्हणून "आधी नाही पडला, मग आता कसा पडला" ही तुलना करताना समोर कोण होतं हे धरायलाच पाहिजे. १७२० चा मुंबईकर इंग्रज आणि १७५६ चा वॉटसन यांना एका मापाने मोजता येत नाही.

७ फेब्रुवारीला मुंबई सोडली, ११ ला विजयदुर्गासमोर. १२ ला दुपारी जहाजं आत शिरली, आणि दुपारीच का, तर फेब्रुवारीत तिथे सकाळी मतलई वारं असतं, जमिनीकडून समुद्राकडे, आणि दुपारी खारं वारं सुटतं, समुद्राकडून खाडीत. त्या वाऱ्यावर दोन रांगा आत आल्या, मोठी जहाजं किल्ल्याच्या बाजूला आणि त्यांच्या आडोशाने बॉम्ब बोटी. किल्ल्याने तोफा सुरू केल्या, जहाजांनी उत्तर दिलं, आणि थोड्याच वेळात एक कुलपी गोळा, म्हणजे आत दारू भरलेला, फुटणारा गोळा, बंदरातल्या रेस्टोरेशन या जहाजावर पडला. हे मूळचं इंग्रजांचंच जहाज, १७४९ मध्ये कान्होजींचे पुत्र आणि तेव्हाचे विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे यांनी पकडून आणलेलं. ते पेटलं. बाकीची गुराबं, गलबतं त्याला चिकटूनच नांगरलेली होती, लाकूड, डांबर, शिडाचं कापड, दोर, आणि आता तोच खारा वारा आग पुढे ढकलतोय. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं जवळजवळ सगळं आरमार जळून गेलं. बांधायला घेतलेली नवी जहाजंसुद्धा राहिली नाहीत.

इथे थांबा जरा. मी म्हणतो विजयदुर्ग खऱ्या अर्थाने पडला तो या क्षणी, १२ तारखेच्या संध्याकाळी, १३ ला नाही. ज्याच्यासाठी किल्ला होता तेच संपलं. त्यानंतर आत लढणाऱ्यांना तट राखून नक्की काय राखायचं होतं? मराठा आरमारात त्या संध्याकाळी जी राख झाली तिची भरपाई पुढे पुरती कधी झाली नाही असं मला वाटतं, आणि हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

रात्री क्लाइव्हची फौज उतरली. १३ ला परत तोफा आणि उखळी मारा, आतलं दारूकोठार उडालं, आणि संध्याकाळपर्यंत किल्ल्याने पांढरं निशाण दाखवलं. आणि तट? वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन एडवर्ड आइव्ह्ज नंतर आत फिरला, त्याने लिहून ठेवलंय की तट काही ठिकाणी सलग कातळातच कोरलेला, बाकी ठिकाणी प्रचंड लांब दगड आडवे आत खुपसून बांधलेला, त्यामुळे कितीही जड तोफगोळे मारले असते तरी त्याला भगदाड पडलं नसतं. शत्रूच्या माणसाची ही साक्ष आहे. म्हणजे तुमच्या "नुसतं कौतुक का" याचं उत्तर, नाही, बांधकामाचं कौतुक खरं आहे, तट शेवटपर्यंत फुटला नाही. पण उखळी तोफेचा गोळा तटाला धडकत नाही, तो वरून आत पडतो, आणि आत कोठारं, शाकारलेली छपरं, दारू. आदल्याच वर्षी एप्रिल १७५५ मध्ये जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला तोही असाच, आत आग आणि मग दारूकोठाराचा स्फोट. दहा महिन्यांत दोनदा तीच गोष्ट घडली.

आता फितुरी. हा शब्द आपल्याकडे फार पटकन निघतो. मला यात आत दरवाजा उघडून देणारा माणूस कुठे दिसत नाही. पण जमिनीकडची बाजू बघितली की जे दिसतं ते फितुरीपेक्षा मोठं आहे. तुळाजी आणि पुण्याचं वाकडं होतं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, घरातच भांडण होतं, त्यांचे भाऊ कुलाब्याचे मानाजी पेशव्यांच्या बाजूने. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध करार केला, आणि मग समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज असं ठाण्यामागून ठाणं घेत गेले. वॉटसन आला तेव्हा पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव यांची फौज विजयदुर्गाच्या मागे जमिनीवर तळ देऊनच होती, आणि तुळाजी स्वतः बोलणी करायला त्याच छावणीत गेले होते. किल्ला नातलगाच्या भरवशावर. किल्ल्याचा धनी बाहेर, पाठीमागची वाट बंद, रसद येणार कुठून आणि मदत मागणार कोणाकडे?

मी हे लोकांना समजावताना नेहमी १७२१ चं उदाहरण देतो. त्या वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेही मोठ्या तयारीने. तेव्हा कान्होजींच्या मदतीला जमिनीवरून साताऱ्याची फौज आली, बाजीराव स्वतः आले, आणि तो हल्ला पार मोडला, पोर्तुगीजांनी तह करून अंग काढून घेतलं. किल्ला समुद्रातला, पण वाचवला जमिनीवरच्या फौजेने. पस्तीस वर्षांनी विजयदुर्गाच्या मागे परत मराठ्यांचीच फौज उभी होती, बाजीरावांच्याच मुलाची, पण ती या वेळी समोरच्या बाजूची होती. मला विचाराल तर १७५६ चं कारण एका वाक्यात हेच. बाकी वारा, गोळा, आग हे सगळं त्यानंतर.

अर्थात तुळाजींची बाजू पूर्ण निर्दोष होती असं मी म्हणणार नाही, आणि नानासाहेबांनी फक्त द्वेषाने केलं असंही नाही. पेशव्यांच्या नजरेतून एक सरदार हुकूम मानत नाही, किनाऱ्यावरची ठाणी दाबून बसलाय, तर त्याला वठणीवर आणणं हे राज्य चालवण्याचाच भाग होता. तुळाजींच्या नजरेतून समुद्र हा आंग्र्यांचा, दस्तक घेतल्याशिवाय जहाज जाऊ द्यायचं नाही हा कान्होजींपासूनचा हक्क, पोर्तुगीजही त्यांचे परवाने याच पद्धतीने विकायचे, त्याला इंग्रज चाचेगिरी म्हणत होते आणि आता पुण्यालाही ते चालायला लागलं. कोण बरोबर हे कुठून बघता त्यावर आहे. पण स्वतःच्या आरमाराला लावायची आग परक्याच्या हातात दिली गेली, हे मात्र कुठूनही बघितलं तरी बदलत नाही.

आणि परिणाम लगेच दिसले. इंग्रजांनी मुंबईहून निघायच्या आधीच लुटीची वाटणी आपापसात ठरवून टाकली होती, त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता. क्लाइव्ह उतरला तोही किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध, म्हणजे मराठ्यांना आधी आत जाता येऊ नये. सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज हाती लागला, इंग्रजांची माणसं मेली-जखमी मिळून वीसच्या आसपास. मग किल्ला द्यायला टाळाटाळ, शेवटी ऑक्टोबर १७५६ च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले ते परत सुटले नाहीत.

पुढचं थोडक्यात, कारण तो तुमचा प्रश्न नाही. पेशव्यांनी आपलं आरमार विजयदुर्गालाच ठेवलं, आनंदराव धुळपांनी ते चांगलं चालवलं, १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज त्यांनी लढून पकडलं. म्हणजे बंदर परत उभं राहिलं होतं. १८१८ ला पेशवाई गेली तेव्हा तेही गेलं.

आता ऐकीव गोष्टींकडे. समुद्राखालची भिंत: किल्ल्याजवळ पाण्याखाली साधारण १२२ मीटर लांबीची जांभ्या दगडाची भिंतीसारखी रचना असल्याचं पाणबुड्यांच्या पाहणीनंतर सांगितलं गेलंय, ८ ते १० मीटर खोलीवर. तिला आपटून शत्रूची जहाजं फुटायची असं गाइड सांगतात. मी याकडे असं बघतो. १७५६ ची मोठी जहाजं आत आली, नांगर टाकून दोन दिवस तोफा मारत बसली, एकही तळाला घासून अडकलं नाही. त्यामुळे ती रचना कोणी बांधली, कधी बांधली, का निसर्गाचीच आहे हा वेगळा अभ्यास, पण तिने बंदर राखलं असं म्हणायला मला लढायांच्या हकिकतींत आधार सापडत नाही, म्हणून मी माझ्या नकाशात ती संरक्षणाचा भाग म्हणून दाखवत नाही.

नावाचंही तसंच. १६५३ ला, विजय संवत्सरात महाराजांनी किल्ला घेतला म्हणून विजयदुर्ग, असं बोर्डावर वाचाल. शके १५७५ ला विजय संवत्सर होतं हे गणिताने बरोबर येतं. पण जावळी १६५६ ची आणि कल्याण-भिवंडी १६५७ ची, मग त्याच्याही आधी एवढ्या दक्षिणेला, आदिलशाही मुलखात खोल आतला किल्ला हाती येणं मला जड जातं. साल थोडं नंतरचं असावं असं माझं मत आहे, महाराजांनी किल्ला घेतला आणि वाढवला याबद्दल मात्र वाद नाही. आणि साहेबाचे ओटे (ग्रहण बघायच्या दुर्बिणींसाठी बांधलेले चौथरे) दाखवून १८६८ ला इथे हेलियम सापडला असं सांगतील. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल्स जान्सेन गुंटूरला होता आणि इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरने आपलं निरीक्षण ऑक्टोबरात इंग्लंडमधून केलं. लॉकयर विजयदुर्गला खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने ग्रहण बघायला ही जागा निवडली ही खरी गोष्टच पुरेशी चांगली आहे.

राहिलं काय बघायचं ते. तिहेरी तट, खुबलढा बुरूज, जमिनीकडचा आता बुजलेला खंदक हे सगळे दाखवतीलच. त्याशिवाय दोन गोष्टी मुद्दाम करा. एक, शक्य असेल तर फेब्रुवारीत जा, आणि सकाळी नऊला एकदा आणि दुपारी एक-दीडला एकदा उत्तरेकडच्या तटावर उभे राहा. सकाळी वारा पाठीवर येईल, जमिनीकडून. दुपारी तो फिरतो आणि समोरून तोंडावर यायला लागतो, खाडीत शिरणाऱ्या होड्यांची शिडं बघितली की लगेच कळतं. मग उजवीकडे वळून खाडीत बघा, आरमार साधारण तिथे नांगरलेलं होतं.

दुसरं, किल्ल्यापासून दोन-तीन किलोमीटरवर खाडीच्या आत गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला आंग्र्यांची गोदी आहे, फार लोक जात नाहीत. कातळ फोडून काढलेली, साधारण शंभर मीटर लांब, भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं आणि कोरड्यात तळाची डागडुजी करायची अशी सोय. भांगाच्या दिवशी जाऊ नका, पाणी फारसं उतरत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीही मोठी लागते, ती वेळ धरा आणि बाजूने खाली उतरा. चिखल असतो, जुन्या चपला घाला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कातळावरच्या छिन्नीच्या खुणांवर बराच वेळ हात फिरवत बसलो होतो, त्या अजून स्पष्ट आहेत.